पंप रूममधले भालेराव

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की भालेराव चपला काढायच्या आधी दारातच थांबायचे, नाक किंचित वर करायचे आणि विचारायचे, "साहेब, वारा कुठनं येतो इथं?" यजमान गोंधळून जायचा. पाहुण्यानं पाणी मागावं, पंखा वाढवायला सांगावं, फार तर मुलाचा पगार विचारावा. वाऱ्याचा पत्ता कोण विचारतं? पण तो कळल्याशिवाय भालेराव बूड टेकत नसत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी कार्यालयात शिरल्या शिरल्या मागच्या अंगणात जाऊन वारा पाहिला आणि आचाऱ्याला फोडणीची शेगडी दहा पावलं सरकवायला लावली. त्या दिवशी सगळं कार्यालय जेवून उठलं आणि एकालाही ठसका लागला नाही. आमच्या व्याह्यांनासुद्धा नाही, आणि आमचे व्याही असे आहेत की शेजारच्या गल्लीत कुणी मिरचीचं नाव काढलं तरी इथे खोकतात.

भालेराव आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पोहण्याच्या टँकवर ऑपरेटर होते. चार इमारती, मधे उंचावर टँक आणि त्याच्या खाली अर्धवट जमिनीत गेलेलं पार्किंग, अशी आमची रचना. पार्किंगच्या एका कोपऱ्यात पंप रूम. तिथे पाणी गाळायची यंत्रं आणि पाण्यात घालायच्या औषधांचे डबे. भालेराव विश्रांतवाडीहून स्कूटरवर यायचे आणि ते आले की मी घड्याळ लावायचो. टेलिफोन खात्यात मी आयुष्य काढलं, पण इतका वक्तशीर माणूस पाहिला नाही. त्यांची स्कूटर गेटात शिरली नाही तर सूर्यसुद्धा आमच्या इमारतीमागे घुटमळायचा.

त्याआधी ते एका रसायनांच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि भालेराव आमच्या वाट्याला आले. तिथलं ते फारसं बोलत नसत. एकदाच मी विचारलं, की हे वारा बघण्याचं खूळ कुठून घेतलंत? तर नळ पिळता पिळता म्हणाले, "कारखान्यात शिकलो. माझ्या शेजारी एक जण होता, तो नाही शिकला." आणि नळ बंद झाला. नळाबरोबर विषयही.

त्यांचं नाक हा वेगळाच प्रकार होता. तिसऱ्या मजल्यावर आमचं दूध उतू जायच्या बेतात आलं की खाली पंप रूममधून त्यांचा फोन यायचा, "वहिनींना गॅस बारीक करायला सांगा." आमची ही म्हणते की असं एकदाच झालं आणि तेव्हाही ते जिन्यातच उभे होते. असेल. पण स्वतः भालेराव नाकावर काडीचा विश्वास ठेवत नसत. दर दोन तासांनी वर टँकवर जाऊन काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात मोजून थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की तो रंग तक्त्यावरच्या रंगाशी ताडून पाहायचे आणि वहीत लिहायचे. "नाक नोकर आहे साहेब," म्हणायचे, "थोडा वेळ काम करतं, मग सवय होते आणि झोपतं. वास येतोय तोवर बरं. एवढा वेळ येत होता आणि आता येत नाही, असं झालं तर पळायचं."

सुट्टीत एखादे सभासद हटकून सांगायचे, "भालेराव, आज औषध जरा सढळ हातानं टाका, आमच्याकडे पाहुण्यांची पोरं आलीयेत." भालेराव मान हलवायचे आणि सढळ वगैरे काही करायचे नाहीत. मला म्हणायचे, "पाण्याला लागतं तेवढंच द्यायचं. जास्त झालं की ते पाण्याला सोडून माणसाच्या डोळ्याला लागतं."

पंप रूममध्ये दोन प्रकारची औषधं असायची. एक हायपो, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारं पिवळसर पाणी. दुसरं ॲसिड, फरशा घासायला आणि पाण्याचा क्षारपणा मोडायला. दोन्ही एकाच आकाराच्या, एकाच निळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून यायची. पुरवठादाराला सांगून सांगून भालेराव दमले. लेबलं भिजून गळून पडायची. शेवटी त्यांनी बायकोची जुनी लाल साडी फाडली आणि ॲसिडच्या प्रत्येक डब्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधली. हायपो उजव्या भिंतीला, लाल चिंधीवाले डावीकडे, मधे ओलांडायचं नाही. "हे दोघं एकमेकांना भेटता कामा नयेत," ते मला सांगायचे. "एकेकटे बरे आहेत. भेटले की तिसराच जन्माला येतो, आणि तो कुणाचा नसतो."

आता दामले. दामले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या घरात मुंग्यासुद्धा डाव्या बाजूनं चालतात. डबे उंचीप्रमाणे, पुस्तकं जाडीप्रमाणे, आणि मला दाट संशय आहे, जिन्यातली झुरळं वयाप्रमाणे. दामल्यांचा एक नियम होता: दोन अर्धी भांडी ठेवायची नाहीत, एकात ओतायचं, दुसरं धुऊन पालथं घालायचं. दोन बाटल्यांत तेल उरलं, एकात ओता. दोन भांड्यांत आमटी उरली, एकात ओता, मग त्यातली एक कढी असली तरी. आम्ही सगळे या नियमाची नक्कल करून हसायचो. मी तर पार सहा घरांत करून दाखवली आहे.

लाल चिंध्या दामल्यांच्या डोळ्यांत सलायच्या. एकदा माझ्यासमोर पंप रूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "भालेराव, ही पंप रूम आहे की म्हसोबाचं देऊळ?"

"खूण आहे साहेब. ॲसिडची."

"आपल्याला ठाऊक आहे ना कुठे काय आहे? मग खूण कुणासाठी?"

"ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी."

"ज्याला ठाऊक नाही तो इथे येणारच नाही," दामले म्हणाले आणि गेले. इतकं तर्कशुद्ध वाक्य मी त्यांच्याकडून त्यानंतर ऐकलं नाही.

मग शेजारच्या सोसायटीत एका फ्लॅटला आग लागली आणि दामल्यांना कवायतीचा छंद जडला. सायरन आणला, हातात धरायचा भोंगा आणला, जिन्याजिन्यात सूचना लावली: धोक्याच्या वेळी सर्वांनी लिफ्ट न वापरता पार्किंगमध्ये इमारतीप्रमाणे रांगेत उभे राहावे. महिन्यातून एकदा सायरन व्हायचा आणि आम्ही चहाचा कप तसाच टाकून खाली धावायचो. दामले घड्याळ लावून उभे. 'ब' इमारत नेहमी पहिली यायची. त्यांच्यात म्हणे काही जण आदल्या दिवसापासून जिन्यातच बसून राहायचे.

भालेरावांनी एका कवायतीनंतर दामल्यांना गाठलं. मी शेजारीच होतो. "साहेब, आगीसाठी खाली जमणं ठीक. पण आपल्याकडं औषध आहे. त्याची हवा सुटली तर ती जड असते, पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खाली साठते. तेव्हा माणसं खाली नाही आणायची. वर न्यायची, गच्चीवर. सूचनेत तेवढं वाढवा."

दामल्यांनी भोंग्यावरची धूळ पुसली. म्हणाले, "भालेराव, आपण पाण्याचं बघा. माणसांचं आम्ही बघतो."

भालेराव नळी खिशात घालून टँकवर गेले. पाणी तपासायची वेळ झाली होती.

तो रविवार होता. संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची वार्षिक सभा, म्हणून सकाळपासून दामल्यांची झाडलोट. मी खाली स्कूटर पुसत होतो. दामले पंप रूममधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल चिंध्यांचा बोळा होता. तो त्यांनी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. ओल्यात नाही, हेही मी पाहिलं. "बापट, आता बघा, खोली कशी दिसते," म्हणाले. "अर्धे अर्धे डबे जिकडे तिकडे. आता पुरुषभर जागा मोकळी होईल." आणि पुन्हा आत गेले. भालेराव तेव्हा वर टँकवर नळीत थेंब टाकत होते, कारण दोन तास झाले होते.

आतून डबा ओतल्याचा आवाज आला. गडगड, गडगड. मग आवाज बदलला, काहीतरी उकळल्यासारखा. मग दामले दारातून असे बाहेर आले की मी त्यांना पहिल्यांदाच रांग सोडून चालताना पाहिलं. तोंडावर रुमाल, डोळे लाल. त्यांच्या मागून पिवळट हिरवी वाफ आली आणि दारातून बाहेर पडून जमिनीवर पसरायला लागली. माझ्या घशात कुणीतरी किसणी फिरवली. मी उताराकडे पळालो आणि वर मोकळ्यात आलो. त्यात माझी अक्कल नव्हती, उतार जवळ होता.

दामले उताराच्या तोंडाशी आले, खोकले, आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. सायरन दाबला.

आमच्या लोकांना शिस्त होती. त्यांचं हेच चुकलं. चारी जिन्यांतून माणसं खाली उतरायला लागली, म्हातारी माणसं कठड्याला धरून, बायका पोरांना पुढे घालून, आणि सरळ पार्किंगमध्ये जाऊन रांगा धरायला लागली. 'ब' इमारत पहिली. दामले वर मोकळ्या हवेत उभे राहून भोंग्यातून ओरडत होते, "खाली! सगळे खाली! कुणीही वर थांबायचं नाही!" मला वाटतं, त्या क्षणी ते काय बोलताहेत हे त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. पण लोकांना येत होतं.

भालेराव टँकच्या पायऱ्यांवरून आले ते तीन तीन पायऱ्या गाळत. पंप रूमकडे पाहिलं, जमिनीवरची वाफ पाहिली आणि ओरडले, "खाली नाही! वर चला! सगळे वर, गच्चीवर!"

लोक थबकले. भालेरावांकडे पाहिलं, मग उताराच्या टोकाला दामल्यांकडे पाहिलं. 'ब' इमारतीतल्या एका गृहस्थांनी रांगेतूनच सुनावलं, "भालेराव, गोंधळ घालू नका हो, वेळ लावलाय!" त्यांना ती कवायत वाटत होती. नाकाला झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण सेक्रेटरी सांगतात खाली आणि टँकवरचा माणूस सांगतो वर, यात कुणाचं ऐकायचं हे आमच्याकडे फार वर्षांपूर्वी ठरलेलं आहे.

भालेराव उतार चढून वर आले, दामल्यांच्या हातातून भोंगा हिसकावला आणि त्यात असे ओरडले की मी डेक्कनपर्यंत ऐकू गेलं म्हणून सांगतो, तुम्ही आमच्या गेटपर्यंत धरा. "औषध फुटलंय! नाकाला ओलं फडकं धरा आणि वर चढा!" तेव्हा कुठे रांगा मोडल्या. तोवर पुढच्या रांगेतले काही जण खोकत गुडघ्यावर आले होते. खाली बसलं की वाफ आणखी जवळ येते, हे त्यांना कोण सांगणार? सांगणारा सूचनेत बसला नव्हता.

भालेरावांनी टॉवेल टँकच्या पाण्यात भिजवून तोंडाला बांधला आणि खाली गेले. मी पाहिलं तेवढं सांगतो, तीनदा गेले. पहिल्यांदा दोन बायकांना दंडाला धरून आणलं. दुसऱ्यांदा रांगेतून सुनावणाऱ्या त्या गृहस्थांना ओढत आणलं. तिसऱ्यांदा त्यांच्या पाठीवर दामल्यांची आई होती. लिफ्ट वापरायची नाही हा नियम चाकाच्या खुर्चीपुरता शिथिल होता. कामवाली बाई त्यांना खाली घेऊन आली होती आणि घाबरून खुर्ची तिथेच सोडून गेली होती. नव्वदीची बाई. भालेरावांनी उचलली आणि पाठुंगळीला मारून आणली. त्या वेळेपर्यंत टॉवेल वाळला असणार.

वर आणल्यावरही ते थांबले नाहीत. "पळू नका, झोपू नका, टेकून बसा. धापा टाकाल तेवढं आत जाईल. डोळ्यांवर पाणी मारा." अग्निशमन दल आलं, अॅम्ब्युलन्स आल्या, बरेच जण दवाखान्यात गेले आणि दोन चार दिवसांत घरी आले. कुणी गेलं नाही. भालेरावांना अॅम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं तर म्हणाले, "मी बरा आहे, म्हाताऱ्यांना न्या." मग हातपाय धुतले, नळी धुऊन जागेवर ठेवली आणि दुपारी स्कूटरवरून विश्रांतवाडीला गेले.

त्यांची बायको, विमलवहिनी, मला नंतर सांगत होत्या. "घरी आले तेव्हा बोलत होते. चहा मागितला. अर्धा कप घेतला आणि सांगायला लागले, की असं असं झालं. मग वाक्य मधेच तुटायला लागलं. मी म्हटलं, राहू द्या, उद्या सांगा. तर हातानं खूण केली, खिडकी उघड. खिडकी उघडीच होती, भाऊ."

फुप्फुसांत पाणी झालं होतं. या वायूचं तसंच असतं, डॉक्टर म्हणाले, माणूस चालत घरी जातो आणि काही तासांनी वायू दार ठोठावतो. भालेराव वाचले, पण जे घरी आले ते निराळे भालेराव होते. दोन पायऱ्या चढल्या की तिसरीवर उभे राहणारे. एका श्वासात चार शब्द मावणारे.

सोसायटीनं चौकशी समिती नेमली. तीन जणांची. अध्यक्ष दामले. तुम्ही हसलात तरी चालेल, आम्ही कुणी हसलो नाही, आम्हाला ते रीतसर वाटलं.

मी साक्ष द्यायला गेलो. आता माझी गोष्ट अशी की त्या आठवड्यात माझी ही हकिगत निदान पन्नास ठिकाणी सांगून झाली होती. बागेत, वाचनालयात, दाढी करताना. दर वेळी वाफ थोडी वाढत गेली. शेवटी शेवटी ती हत्तीएवढी झाली होती, सोंडेसकट, आणि दामले तिच्यापुढे धावताना चष्मा, चपला आणि एकदा तर धोतरही सोडून गेले होते. दामले आयुष्यात धोतर नेसलेले नाहीत. हे सगळं समितीच्या कानावर गेलेलं होतं.

मी म्हणालो, "डबा दामल्यांनी ओतला. मी बाहेरच होतो. चिंध्याही त्यांनीच काढल्या."

दामल्यांनी कागदावरून मान वर केली. शांतपणे म्हणाले, "बापट, ते हत्तीच्या आधी की नंतर?"

उरलेले दोघे हसले. खरं सांगतो, मीही हसलो. सवयीनं. त्या एका हसण्यात माझी साक्ष संपली. कागदावर आली ती अशी: श्री. बापट यांचे कथन अतिशयोक्त असल्याने विचारात घेतले नाही.

अहवाल लागला. घटनेच्या वेळी कर्मचारी आपल्या जागेवर नव्हता. रसायनांच्या डब्यांवर कोणतीही ओळखीची खूण आढळली नाही. सबब ही घटना कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडली. यातलं खोटं काय काढाल? पंप रूममध्ये भालेराव नव्हतेच, वर पाणी तपासत होते. डब्यांवर खूण नव्हतीच. सुका कचरा सोमवारी उचलला जातो.

वर माणुसकी म्हणून एक ठराव. भालेरावांच्या औषधपाण्याचं सगळं सोसायटी बघेल. त्यांनी फक्त अहवाल मान्य असल्याची सही करावी.

तो कागद घेऊन मीच विश्रांतवाडीला गेलो. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची, खाली भालेरावांच्या पाणी तपासायच्या जुन्या वह्या ओळीत लावलेल्या. भालेराव खिडकीपाशी खुर्चीत. कागद वाचला. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. बोट 'निष्काळजीपणा'वर आलं आणि तिथेच राहिलं.

"ही सही नाही करणार, साहेब," म्हणाले.

विमलवहिनी आतून बाहेर आल्या. "करा. शब्द आहे नुसता. शब्दानं काय होतं? तुम्हाला श्वास लागतो तो मी ऐकते रोज."

"शब्द नाही." त्यांनी दम घेतला. "तीस वर्षं मी... फक्त काळजीच घेतली. दुसरं काय केलं मी?" पुन्हा दम. "तेवढं एक आहे माझं. ते नाही देणार."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होतात ना तिथं? तुम्ही का नाही सांगितलं?"

मी सांगितलं की सांगितलं होतं. कसं सांगितलं तेही सांगितलं. हत्तीचं आलं तेव्हा वहिनी उठून आत गेल्या. भालेराव मात्र हसले. हसू खोकल्यात गेलं, खोकला बराच वेळ चालला.

"दाराएवढी होती," मग म्हणाले.

"काय?"

"वाफ. पंप रूमच्या दाराएवढी. मी पाहिली ना. हत्ती नव्हता." थांबले. "दाराएवढी सांगायची होती. तुम्ही डोस जास्त टाकलात, साहेब. खऱ्याला सोडून... लोकांच्या डोळ्याला लागला."

रागावून म्हणाले असते तर मी उत्तर देऊ शकलो असतो. ते तक्ता दाखवून सांगावं तसं म्हणाले.

त्यांनी सही केली नाही. सोसायटीनं टँकवर दुसरा माणूस ठेवला. भालेराव श्वासासाठी दिलेलं औषध नळीतून ओढत खिडकीशी बसून राहिले. मी महिन्या दोन महिन्यांनी जायचो. दर वेळी ते थोडे लहान झालेले असायचे, खुर्ची थोडी मोठी. एकदा आमच्या लिफ्टमध्ये दामल्यांच्या आई भेटल्या, चाकाच्या खुर्चीत, मागे दामले. त्यांनी मला विचारलं, "अहो, मला पाठीवर घेतलं तो माणूस दिसत नाही हल्ली?" मी तोंड उघडायच्या आत दामले म्हणाले, "बरा आहे तो, आई. घरी असतो." लिफ्ट आली आमच्या मजल्यावर. मी उतरलो.

पुढच्या वार्षिक सभेच्या आधी मी भालेरावांना शब्द दिला. म्हटलं, सगळ्यांसमोर सांगतो, आणि मोजून सांगतो. त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं. जे जास्त वाटलं तिथे बोट वर करायचे. "'भयंकर' काढा." काढला. "'राक्षसी' कशाला?" तोही गेला. शेवटी उरलं ते इतकं थोडं होतं की मला उघडं पडल्यासारखं वाटलं. भालेराव म्हणाले, "आता बरोबर आहे."

सभेत मी उभा राहिलो आणि तेवढंच बोललो. एक विशेषण नाही, एक विनोद नाही. लोक सुरुवातीला हसण्याच्या तयारीनं बसले होते. बापट उठले म्हणजे काहीतरी होणार. मग ते चेहरे हळूहळू मिटले. 'ब' इमारतीतले ते गृहस्थ, ज्यांना भालेरावांनी ओढत वर आणलं होतं, आपल्या मोबाइलकडे पाहत होते. मी बसलो तेव्हा इतकं शांत होतं की टँकचा पंप ऐकू येत होता. पार्किंगच, त्याच जागी. दामले म्हणाले, "नोंद घेतली. पुढचा विषय, पार्किंगचे पट्टे." पट्ट्यांवर पाऊण तास चर्चा झाली. पिवळे की पांढरे.

त्यानंतर दहाव्या दिवशी भालेराव गेले. साधी सर्दी झाली होती. तुमची आमची सर्दी नाकात राहते. त्यांच्याकडे तिला अडवायला काही उरलं नव्हतं. मी सभेत बोललो हे त्यांना कळलं होतं, मीच फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "लिहिलं का त्यांनी?" मी म्हटलं, लिहिलंच असणार, नोंद घेतली म्हणाले.

सभेचं इतिवृत्त महिन्यानं आलं. दामल्यांच्या स्वच्छ, समासबद्ध भाषेत. त्याची प्रत घेऊन मी विश्रांतवाडीला गेलो, कारण वहिनींना ते हवं होतं, भालेरावांच्या वह्यांबरोबर ठेवायला. मी वाचलेलं होतं. न्यायचं नाही असंही वाटलं होतं. पण विचारल्यावर खोटं बोलायची ती जागा नव्हती.

वहिनींनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "श्री. बापट यांनी नेहमीच्या खुमासदार शैलीत गतवर्षीच्या आठवणी सांगितल्या. सभासदांनी हसतखेळत दाद दिली."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, मनात. मग चष्मा काढला.

"तुम्ही हसवलंत त्यांना, भाऊ?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, वहिनी."

त्या माझ्याकडे पाहत होत्या. माझ्यासारख्याच्या तोंडून आलेलं 'नाही' किती धरायचं, याचा हिशेब त्या डोळ्यांत चालला होता. मग त्यांनी तो कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. वह्यांत ठेवला नाही. म्हणाल्या, "मग कुठंतरी तसं लिहा. ते सांगायचे तसं लिहा."

म्हणून लिहितो. वरती शेगडी, दूध, मुंग्या आणि सूर्य आहेत, ते माझे आहेत; वाटलं तर सोडून द्या. त्यांचं आहे ते हे. चिंध्या दामल्यांनी काढल्या. डबा दामल्यांनी ओतला. वाफ पंप रूमच्या दाराएवढी होती. माणसं खाली बोलावली गेली आणि भालेरावांनी ती वर काढली. त्या वेळी वर टँकवर पाणी तपासायची वेळ झाली होती आणि भालेराव आपल्या जागेवर होते.